एका अक्षराचा एकच अर्थ : शाब्दिक उदाहरणांतून बैजिक राशी

इयत्ता सहावीपासून दहावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना गणितातील कोणता भाग सर्वांत अवघड वाटतो, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते : शाब्दिक उदाहरणे. २०क − ९० = ५१० हे समीकरण जो विद्यार्थी दोन ओळींत सोडवतो, तोच विद्यार्थी हे समीकरण चार वाक्यांच्या मजकुरात दडलेले दिसले की पेन खाली ठेवतो. म्हणजे त्याची अडचण आकडेमोडीची नाही. वाक्याचे राशीत रूपांतर करण्याची आहे. ही अडचण जितकी गणिताची तितकीच भाषेची आहे, आणि आपल्या समाजापुरते बोलायचे तर ती इतिहासाचीही आहे. प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक असूनही या विषयावर लिहीत आहे, त्याचे कारण हेच होय.

हा पाठ केवळ विद्यार्थ्यांसाठी नाही. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी तो आपल्या मुलांबरोबर वाचावा. ज्या पालकांना शाळेची पायरी चढता आली नाही, त्यांनी तो मुलांकडून वाचून घ्यावा. त्यातील उदाहरणे त्यांच्याच रोजच्या व्यवहारातील आहेत आणि काही ठिकाणी मुलांपेक्षा त्यांनाच अधिक कळेल.

हिशेब कोणाच्या हाती होता?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात कोणते विषय असावेत, हे सांगताना त्यांनी मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचा स्पष्ट उल्लेख केला. इतिहास, भूगोल, व्याकरण आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांच्या पंक्तीत त्यांनी हिशेबाला बसवले. पुढच्याच वर्षी लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात, निरक्षर शेतकरी कागदपत्रांच्या व्यवहारात कसा नागवला जातो, याचे विदारक वर्णन त्यांनी केले. हिशेब हा जोतीरावांच्या दृष्टीने निव्वळ शालेय विषय नव्हता. तो संरक्षणाचा विषय होता.

आपल्या वऱ्हाडात याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला आणि त्यांचे बालपण अकोला जिल्ह्यातील दापुरा या गावी मामाच्या घरी गेले. मामा कष्टाळू शेतकरी होते, परंतु अक्षरशत्रू. सावकाराच्या कागदाने त्यांची जमीन गिळली, हे बाबांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. पुढे आयुष्यभर गाडगेबाबा गावोगावच्या कीर्तनांतून मुलांना शिकवण्याचा आग्रह धरत राहिले, आणि पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. त्या आग्रहामागे दापुऱ्याची ती जमीनही होती, असे म्हणणे वावगे ठरू नये.

कष्ट करणाऱ्याची जमीन कागदाने कशी जाते? सावकाराची बेरीज चुकीची असते म्हणून? क्वचितच. बहुधा बेरीज बरोबरच असते. फसवणूक होते ती बेरजेच्या आधी, वाक्याची राशी मांडताना. हे कसे घडते, हे समजण्यासाठी आधी राशी मांडण्याची रीत पाहू.

वाक्यापासून राशीपर्यंत : चार पायऱ्या

पहिली पायरी : काय माहीत नाही, ते शोधावे.
दुसरी पायरी : त्या अज्ञात संख्येला एक अक्षर द्यावे आणि ते अक्षर कशाची संख्या आहे, हे परिमाणासह लिहून ठेवावे.
तिसरी पायरी : वाक्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याची एक क्रिया लिहावी.
चौथी पायरी : अक्षराच्या जागी एखादी सोपी संख्या घालून वाक्य आणि राशी जुळतात का, ते पाहावे.

उदाहरण घेऊ. 'एका बाईने सकाळी काही किलो कापूस वेचला. दुपारून त्याहून ६ किलो कमी वेचला. वेचणीचा दर किलोला १० रुपये. गाडीभाड्याचे ३० रुपये कापून तिच्या हाती ५१० रुपये आले. तर तिने सकाळी किती कापूस वेचला?' (दर केवळ उदाहरणापुरता घेतला आहे.)

अज्ञात काय? सकाळी वेचलेल्या कापसाचे वजन. म्हणून लिहावे : सकाळी वेचलेला कापूस = क किलो. येथे अनेक विद्यार्थी 'क म्हणजे कापूस' असे लिहितात. ते योग्य नाही. क म्हणजे कापूस नव्हे. क म्हणजे किलोंची संख्या. अक्षर हे वस्तूच्या नावाचे लघुरूप नसून एका संख्येचे नाव असते. एवढा भेद मनात ठसला की निम्म्या चुका टळतात.

आता तुकडे पाडू. दुपारचा कापूस : क − ६. दिवसभराचा कापूस : क + (क − ६), म्हणजे २क − ६. मजुरी : १०(२क − ६), म्हणजे २०क − ६०. भाडे कापून : २०क − ६० − ३०, म्हणजे २०क − ९०. येथवर जे लिहिले ती बैजिक राशी. 'हाती ५१० रुपये आले' या तुकड्याने तिचे समीकरण होते : २०क − ९० = ५१०. त्यावरून क = ३०.

पडताळा : सकाळी ३० किलो, दुपारी २४ किलो, एकूण ५४ किलो, मजुरी ५४० रुपये, भाडे वजा जाता ५१०. जुळले.

विभक्तीत दडलेले गणित

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याजवळ एक मोठे साधन असते आणि ते तो सहसा वापरत नाही. ते म्हणजे विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये. व्याकरणाच्या तासाला पाठ केलेले हे प्रत्ययच गणिताच्या तासाला क्रिया सांगतात.

'क मधून ६ वजा करा' आणि '६ मधून क वजा करा' या वाक्यांत शब्द तेच आहेत, पण पहिल्याची राशी क − ६ आणि दुसऱ्याची ६ − क. 'क ला ४ ने भागा' म्हणजे क/४. '४ ला क ने भागा' म्हणजे ४/क. कोणत्या शब्दाला 'तून' लागले, कोणत्याला 'ला' आणि कोणत्याला 'ने', यावर सर्व काही अवलंबून असते. 'हून' किंवा 'पेक्षा' आले की तुलना असते. 'मागे', 'दर', 'प्रत्येकी' आले की बहुधा गुणाकार असतो. 'मिळून' आले की बेरीज. 'समान वाटले' म्हटले की भागाकार. आणि 'झाले', 'भरले', 'मिळाले', 'उरले' ही क्रियापदे पुष्कळदा बरोबरच्या चिन्हाची जागा दाखवतात.

तथापि, केवळ शब्द पाहून क्रिया ठरवू नये. 'दुपारचा कापूस सकाळहून ६ किलो कमी होता आणि तो २४ किलो भरला' या वाक्यात 'कमी' हा शब्द आहे, परंतु सकाळचा कापूस काढण्यासाठी बेरीजच करावी लागते. कोण कोणाहून कमी, हे वाचल्याशिवाय चिन्ह लिहू नये.

क्रम आणि कंस

क्रियांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो. कंस हा तो क्रम दाखवणारा खुणेचा दगड आहे. बटईच्या शेतीचे उदाहरण पाहा. उत्पन्न उ रुपये आणि खर्च ख रुपये मानू.

पहिला करार : 'उत्पन्नातून खर्च वजा जाता जे उरेल त्याचा अर्धा बटईदाराला.' राशी : (उ − ख)/२.

दुसरा करार : 'उत्पन्नाचा अर्धा बटईदाराला; खर्च त्याच्या हिश्श्यातून.' राशी : उ/२ − ख.

बोलताना दोन्ही करारांना 'अर्धेली' म्हटले जाऊ शकते. उत्पन्न ८०,००० रुपये आणि खर्च ३०,००० रुपये असेल तर पहिल्या करारात बटईदाराला २५,००० रुपये मिळतात, दुसऱ्यात १०,००० रुपये. पंधरा हजारांचा हा फरक एका कंसाच्या जागेचा आहे. परीक्षेत कंस विसरला तर एक गुण जातो. व्यवहारात वर्षाची मेहनत जाते.

उलटे समीकरण

आणखी एक चूक हुशार विद्यार्थ्यांच्याही वहीत आढळते. 'वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत ८ विद्यार्थी राहतात.' खोल्यांची संख्या ख आणि विद्यार्थ्यांची संख्या व मानल्यास त्यांतील संबंध कोणता? वाक्याच्या क्रमाने जाणारा विद्यार्थी लिहितो : ख = ८व. 'एक खोली बरोबर आठ विद्यार्थी' असे तो मनात वाचतो.

आता चौथी पायरी वापरू. ख = ५ घेतल्यास विद्यार्थी ४० होतात. ख = ८व यात या संख्या घातल्या तर ५ = ३२० असे येते. तेव्हा योग्य समीकरण व = ८ख हे आहे. विद्यार्थी संख्येने अधिक आहेत, म्हणून त्यांच्याशी बरोबरी करण्यासाठी खोल्यांच्या संख्येला ८ ने गुणावे लागते. शिक्षकाने 'चूक' असे सांगण्याऐवजी विद्यार्थ्याकडून पाच खोल्यांची गिनती करून घ्यावी. चूक त्याची त्यालाच दिसते.

धम्माच्या गुणांमध्ये 'एहिपस्सिको' हा शब्द आपण वंदनेत नित्य म्हणतो. ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा आशय. तथागतांनी कालामांनाही हेच सांगितले की, केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नये. स्वतः तपासून घ्यावे. गणितातील पडताळा म्हणजे याच वृत्तीचा लहानसा रोजचा सराव आहे. उत्तर पुस्तकाच्या शेवटी पाहून मिळालेली खात्री उसनी असते. संख्या घालून पाहिलेली खात्री स्वतःची असते.

सवाई, दिढी आणि दामदुपट

आता आपण दापुऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. पूर्वी पेरणीच्या दिवसांत गरीब शेतकरी बियाण्याला किंवा खायला धान्य उसने घेत असे आणि सुगीला ते वाढवून परत करत असे. सव्वापट परत करायचे ती सवाई. दीडपट परत करायचे ती दिढी. मूळ धान्य म पायली मानल्यास सवाईची राशी म + म/४, म्हणजे ५म/४. दिढीची राशी म + म/२, म्हणजे ३म/२.

'चार पायलीला एक पायली वर' हे ऐकायला सौम्य वाटते. परंतु एका वर्षी पीक बुडाले आणि पुढच्या वर्षी वाढलेल्या धान्यावर पुन्हा सवाई लागली, तर? ६४ पायल्यांपासून सुरुवात करू. पहिल्या सुगीला ८० पायल्या, दुसऱ्या सुगीला १००, तिसऱ्या सुगीला १२५ आणि चौथ्या सुगीला १५६ पायल्या व वर पाव. तिसऱ्या वर्षापर्यंत दुप्पट होत नाही. चौथ्या वर्षी १२८ चा आकडा पार होऊन कितीतरी पुढे जातो. दिढीत ६४ चे ९६ आणि ९६ चे १४४ होतात. म्हणजे दुसऱ्याच वर्षी दुपटीच्या वर. दर वर्षी 'पाव' मिळवायचा हे खरे, पण कशाचा पाव? पहिल्या म चा की वाढलेल्या रकमेचा? पहिल्या म चाच पाव मिळवत गेल्यास चौथ्या वर्षी बरोबर २म होतात, १२८ पायल्या. 'कशाचा' हा एक शब्द २८ पायल्या आणि वर पाव एवढा पडतो.

हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा त्याचा आशय. मुद्दल म असेल तर एकूण वसुली २म च्या पुढे जाऊ नये. हा नियम ऋणकोच्या संरक्षणाचा होता. मग तो पुरा का पडला नाही?

कारण नवा कागद. शंभर रुपयांचे दोनशे झाले की जुना कागद फाडून नवा लिहिला जाई : 'मुद्दल रुपये दोनशे.' आता दुपटीची मर्यादा चारशेवर गेली. पुन्हा नवा कागद झाला की आठशेवर. ऋणकोच्या हाती मात्र एकदाच आणि शंभरच रुपये आलेले असत. बीजगणिताच्या भाषेत मांडायचे तर पहिल्या कागदावर म म्हणजे हाती आलेली रक्कम होती. दुसऱ्या कागदावर म या अक्षराने गुपचूप २म चा अर्थ धारण केला. अक्षर तेच राहिले, अर्थ बदलला. नियमही पाळला गेला, बेरीजही बरोबर आली, आणि शेत गेले.

बीजगणिताचा पहिला नियम असा आहे की, एका उदाहरणात एका अक्षराचा एकच अर्थ असतो आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत बदलत नाही. दुसरी राशी आली तर तिला दुसरे अक्षर द्यावे किंवा पहिल्याच अक्षरात लिहावे. मुले हा नियम कंटाळवाणा मानतात. पण नव्या कागदावर आपल्या आजोबा-पणजोबांनी अंगठा उठवला तेव्हा हाच नियम मोडला जात होता, आणि तो मोडला जातो आहे हे दाखवण्यासाठी लागणारे अक्षर त्यांच्याजवळ नव्हते.

१८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोखे आणि खतपत्रे हस्तगत करून नष्ट करण्यावर होता. फसवणूक कागदात आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. तो कागद वाचण्याचा मार्ग त्यांना बंद होता, म्हणून त्यांनी तो जाळला. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास न्यायालयाने तपासावा, अशी तरतूद त्यात होती. म्हणजेच न्यायालयाने पहिल्या म पर्यंत मागे जावे. हा कायदा प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. आपले वऱ्हाड तेव्हा निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला वेगळा प्रांत होता; ते त्या कक्षेबाहेर राहिले.

अज्ञाताची नावे

अज्ञात संख्येला नाव देण्याची कल्पना आपल्या भूमीत जुनी आहे. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात पहिल्या अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हटले आहे आणि पुढच्या अज्ञातांना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे दिली आहेत. लिहिताना त्यांची आद्याक्षरे, या, का, नी, वापरली जात. या नावांना 'वर्ण' अशी संज्ञा होती. रंग म्हणजे वर्ण आणि अक्षर म्हणजेही वर्ण. या वर्णांत उच्चनीचता नाही. काळा म्हणून कालक खालचा नाही की पिवळा म्हणून पीतक वरचा नाही. नीलकाच्या जागी कालक घेतला तरी उत्तर तेच येते.

दुर्दैवाने समाजाने पाळला तो दुसरा वर्ण. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाचा मुलगा नव्हे, तर त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. इतक्या जवळ बीजगणिताचे अध्ययन चालत होते, पण अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या मुलांसाठी त्याची दारे नव्हती. ज्ञान देशात होते, वस्तीत नव्हते.

ते वस्तीत आणणाऱ्या महामानवाने संख्यांचे संबंध कसे वाचावेत, याचाही वस्तुपाठ घालून दिला आहे. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या समस्येवर निबंध प्रसिद्ध केला. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांच्या आकड्यावरून ठरत नाही. श्रम, भांडवल आणि अन्य साधने यांचे जमिनीशी असलेले प्रमाण पाहावे लागते, असे त्यांनी प्रतिपादन केले. 'पाच एकर' ही नुसती संख्या आहे. पाच एकरांवर किती माणसे, किती बैल आणि किती भांडवल, हा संबंध आहे. सुट्या संख्येवर न थांबता संबंध मांडणे, हेच बैजिक राशीचे काम होय.

स्वाध्याय

१. सालदाराचे साल स रुपये ठरले. त्याने उ रुपये उचल घेतली. वर्षभरात ख खाडे झाले आणि प्रत्येक खाड्याचे २०० रुपये कापले. वर्षअखेर त्याला किती रुपये मिळतील?

२. संत्र्याच्या बागेत झ झाडे होती. त्यांतील १५ वाळली. उरलेल्या प्रत्येक झाडाला ४०० फळे धरली. एकूण फळे किती?

३. आईचे आजचे वय मुलाच्या आजच्या वयाच्या तिपटीहून ४ वर्षांनी अधिक आहे. मुलाचे आजचे वय व वर्षे असल्यास ५ वर्षांनंतर आईचे वय किती?

४. क क्विंटल कापूस क्विंटलला द रुपये भावाने विकला. मोजताना क्विंटलमागे २ किलो वजन कापले. किती रुपये मिळतील?

५. घरातील एखादी पावती, वीजबिल, बचतगटाची नोंद किंवा कर्जाचा कागद घ्यावा. त्यातील एक ओळ आई-वडिलांना मोठ्याने वाचून दाखवावी आणि त्यांच्यासमोर तिची राशी लिहावी. प्रत्येक अक्षराचा अर्थ शेजारी लिहावा आणि तो शेवटपर्यंत तोच राहतो का, हे दोघांनी मिळून तपासावे.

उत्तरे : (१) स − उ − २००ख. (२) ४००(झ − १५). (३) ३व + ९. आजच्या वयाची राशी ३व + ४ आहे, तीत ५ मिळवावेत. व म्हणजे मुलाचे आजचे वय, ते मध्येच पाच वर्षांनी मोठे करू नये. (४) ९८कद/१००. भाव ७,००० रुपये असल्यास ही कपात क्विंटलमागे १४० रुपयांची होते. 'दोन किलो' म्हटल्याने ती तेवढी वाटत नाही. (५) याचे उत्तर पुस्तकात नाही. ते प्रत्येक घराचे वेगळे येईल.